मोठ्या आतड्याचा वॉचमन

बायोप्सीचा रिपोर्ट घरी आला की त्यातल्या त्यात शिकलेलं माणूस तो वाचायला घेतं. वरच्या ओळीत 'ॲडेनोकार्सिनोमा' लिहिलेलं असतं. तो शब्द आता सगळ्यांना कळतो, दुर्दैवाने. खरी अडचण खाली सुरू होते. 'एमएलएच-१ : रिटेन्ड. पीएमएस-२ : रिटेन्ड. पी-५३ : डिफ्यूज, स्ट्राँग पॉझिटिव्ह.' मग फोन फिरतात. मेडिकलला असलेल्या भाच्याला, सोसायटीतल्या डॉक्टरीणबाईंना, आणि शेवटी गूगल. गूगल सांगतं की पी-५३ हे कॅन्सरला रोखणारं प्रोटीन आहे. घरात जरा हायसं वाटतं. रोखणारं प्रोटीन, तेही स्ट्राँग पॉझिटिव्ह, म्हणजे बरंच की!

बरं नाही, बिघाडाची खूण आहे. का, ते पुढे येईलच.

हाच गोंधळ बातम्यांत जरा मोठ्या टायपात दिसतो. 'आतड्याच्या कॅन्सरला कारणीभूत प्रोटीन सापडलं' असा मथळा असतो, आणि खालचा मजकूर नीट वाचला तर कळतं की ते प्रोटीन कॅन्सर करत नाही, थोपवतं. ते बंद पडतं तेव्हा कॅन्सरची वाट मोकळी होते. मोठ्या आतड्याचा आणि गुदाशयाचा कॅन्सर जगभरात सर्वाधिक आढळणाऱ्या कॅन्सरमध्ये तिसऱ्या क्रमांकावर आहे. त्याच्या बहुतेक रुग्णांत पहिली ठिणगी पडते ती अशा एका रोखणाऱ्या प्रोटीनच्या बिघाडाने. त्याचं नाव एपीसी. हे एक नीट कळलं की पॉलिप (आतड्याच्या अस्तरावरचे मांसाचे उंचवटे) का काढतात, औषध का सापडत नाही, भावंडांना तपासायला का सांगतात, अशा बऱ्याच गोष्टी आपोआप जागेवर बसतात.

आधी आतड्याचं अस्तर

मोठं आतडं म्हणजे साधारण दीड मीटर लांबीची नळी. तिला आतून पेशींचा एकच थर असतो. अक्षरशः एक. त्याला रात्रंदिवस मळ आणि अब्जावधी जंतू यांच्या संगतीत राहायचं असतं, त्यामुळे तो टिकण्यासारखा नसतोच. शरीराने तो टिकवण्याचा नाद सोडला आहे. दर चार-पाच दिवसांनी सगळं अस्तर बदलून टाकायचं, असा सरळ हिशोब.

सूक्ष्मदर्शकाखाली या अस्तरावर लाखो बारीक खळगे दिसतात. प्रत्येक खळग्याच्या तळाशी थोड्याशा मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल्स असतात. त्या विभागत राहतात. नव्या पेशी वर सरकतात, सरकता सरकता विभागणं थांबवतात आणि कामाला लागतात: काही पाणी शोषतात, काही बुळबुळीत स्राव तयार करतात. काठापर्यंत पोचल्या की मरतात आणि गळून पडतात. तळाशी जन्म, काठावर मरण, मधे चार-पाच दिवसांची नोकरी.

यातला नाजूक भाग मधला आहे. तळाशी असताना 'विभाग, विभाग' आणि वर आल्यावर 'आता पुरे'. हे 'आता पुरे' पेशीला सांगतं कोण?

एपीसी नेमकं करतं काय

मुंबईतली कुठलीही सोसायटी घ्या. गेटवर वॉचमन बसलेला. दिवसभर कुरिअरवाले येत असतात. समजा, या प्रत्येक कुरिअरवाल्याच्या पिशवीत एकच पाकीट आहे आणि ते सोसायटीच्या ऑफिसात पोचलं की बांधकाम सुरू होतं: आणखी एक मजला चढवा. वॉचमनला सक्त ताकीद आहे की वरून इंटरकॉमवर सांगितल्याशिवाय एकालाही आत सोडायचं नाही.

पेशीतल्या या कुरिअरवाल्याचं नाव बीटा-कॅटेनिन. पेशी ते सतत तयार करत असते, कारण शेजारच्या पेशीला धरून ठेवण्याचं दुसरं कामही त्याच्याकडे आहे. पण ते मोकळं सुटून पेशीच्या केंद्रकात, म्हणजे ऑफिसात शिरलं, की विभाजनाची जनुकं सुरू करतं. वॉचमन म्हणजे एपीसी. तो एकटा नसतो; दोन-तीन सहकारी प्रोटीन्सना घेऊन बसतो. मोकळं फिरणारं बीटा-कॅटेनिन हे टोळकं पकडतं, त्याच्यावर रासायनिक खूण मारतं, आणि ती खूण पाहून पेशीची साफसफाई यंत्रणा त्याचे तुकडे करते. (इथे माझी उपमा जरा क्रूर होते. खरा वॉचमन फार तर कुरिअरवाल्याला परत पाठवेल.)

आणि इंटरकॉम? तो म्हणजे 'विंट' नावाचा निरोप, खळग्याच्या तळाजवळच्या पेशींकडून येणारा. तो आला की एपीसीचं टोळकं तात्पुरतं हात आखडतं, बीटा-कॅटेनिन केंद्रकात जातं, पेशी विभागते. पेशी वर सरकली की निरोप क्षीण होत जातो, वॉचमन पुन्हा कडक होतो, विभाजन थांबतं. व्यवस्था मोठी सुरेख आहे. वर कुठेही 'थांबा' अशी पाटी लावलेली नाही. परवानगीचा फोन येणं बंद होतं, इतकंच.

आता वॉचमनच नाहीसा झाला असं समजा. इंटरकॉम वाजो न वाजो, प्रत्येक पाकीट ऑफिसात पोचणार. पेशी खळग्याच्या वरच्या भागात येऊनही विभागत राहते, मरायच्या वेळी मरत नाही, गळून पडत नाही. तिच्या लेकीही तशाच. अस्तरावर मांसाचा बारीक उंचवटा तयार होतो. तोच पॉलिप, शास्त्रीय भाषेत ॲडेनोमा.

मोठ्या आतड्याच्या दर शंभर कॅन्सरपैकी सुमारे ८० मध्ये एपीसीचं जनुक बिघडलेलं सापडतं. उरलेल्यांपैकी काहींत तर याहून मजेशीर प्रकार असतो: एपीसी धडधाकट, पण बीटा-कॅटेनिनच असं बदललेलं की खूण मारायची जागाच त्याच्यावर उरलेली नाही. वॉचमन जागा आहे, पण हा गडी त्याच्या हाताला लागत नाही. वाट वेगळी, मुक्काम तोच. एपीसीचं मुख्य काम बीटा-कॅटेनिन आवरणं हेच आहे, याचा याहून चांगला पुरावा शोधून सापडणार नाही.

एपीसी हे अवाढव्य प्रोटीन आहे, २,८४३ अमिनो आम्लांची साखळी. बहुतेक बिघाडांत ते पूर्ण नाहीसं होत नाही, मधेच तुटून अर्धवट तयार होतं. नेमका बीटा-कॅटेनिनला आवरणारा भाग त्या तुटलेल्या तुकड्याबरोबर जातो. हजेरीपटावर नाव आहे, काम शून्य.

दोन प्रती असतात, मग एक बिघडली तर काय

जवळजवळ प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. एपीसीची एक प्रत बिघडली तरी दुसरी बऱ्यापैकी काम भागवते. दोन्ही एकाच पेशीत बिघडाव्या लागतात. ही 'दोन धक्क्यांची' कल्पना अमेरिकन डॉक्टर आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ मध्ये मांडली, तीही आतड्यावर नाही, तर लहान मुलांच्या डोळ्यात होणाऱ्या रेटिनोब्लास्टोमा या कॅन्सरच्या नोंदी ताडून. काही मुलांना दोन्ही डोळ्यांत आणि फार लवकर होतो, काहींना एकाच डोळ्यात आणि थोडा उशिरा. असं का? पहिल्या मुलांना एक धक्का जन्मतःच मिळालेला असतो, त्यांना एकच उरतो. दुसऱ्यांना दोन्ही धक्के आयुष्यात, एकाच पेशीत बसावे लागतात.

आतड्यात याचं तंतोतंत उदाहरण आहे. 'फॅमिलियल ॲडेनोमॅटस पॉलिपोसिस' नावाचा आनुवंशिक आजार. सोयीसाठी एफएपी म्हणू. यात मूल एपीसीची एक बिघडलेली प्रत घेऊनच जन्माला येतं, म्हणजे त्याच्या आतड्याच्या प्रत्येक पेशीत पहिला धक्का आधीच बसलेला. आतड्यात पेशी अगणित. त्यांतल्या शेकड्यांना दुसरा धक्का बसतोच बसतो. दहावी-बारावीच्या वयात आतड्यात शेकडो, कधी हजारो पॉलिप दिसू लागतात. वेळेवर आतडं काढलं नाही तर चाळिशीच्या आसपास कॅन्सर जवळजवळ अटळ. याच कुटुंबांचा माग काढत संशोधक पाचव्या गुणसूत्रापर्यंत पोचले आणि १९९१ मध्ये एपीसीचं जनुक सापडलं. नावातच आजार आहे: एपीसी म्हणजे 'ॲडेनोमॅटस पॉलिपोसिस कोलाय'.

एफएपी दुर्मीळ आहे. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये त्याचा वाटा शंभरात एकाहूनही कमी. पण त्या मोजक्या कुटुंबांनी बाकीच्यांतल्या बहुतेकांचं गणित उलगडून दिलं, कारण जनुक तेच, फक्त त्यांच्यात दोन्ही धक्के नंतर बसलेले.

पॉलिप झाला म्हणजे कॅन्सर झाला का?

नाही. आणि इथेच सगळी आशा आहे.

एपीसी गेलं की पेशी वाढते, पण जागा सोडून जात नाही, आजूबाजूला घुसत नाही. त्यासाठी आणखी बिघाड लागतात. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात एरिक फिअरन आणि बर्ट व्होगेलस्टाइन यांनी १९९० मध्ये याचा जिना मांडून दाखवला. साधारणपणे आधी एपीसी. मग केरास नावाचं जनुक अडकून 'चालू' राहतं आणि पॉलिप मोठा होतो. मग स्मॅड-४ सारखं आणखी एखादं रोखणारं प्रोटीन जातं. शेवटाकडे पी-५३, आणि मग पॉलिपचा कॅन्सर. क्रम दर वेळी असाच असतो असं नाही, सगळ्या पायऱ्या सगळ्यांत असतातच असंही नाही. पण एकंदर वाटचालीला बहुधा दहा-पंधरा वर्षं लागतात आणि बहुतांश पॉलिप अर्ध्या वाटेतही पोचत नाहीत.

या दहा-पंधरा वर्षांत पॉलिप दुर्बिणीतून दिसतो, तारेच्या फासात धरून तिथेच कापून काढता येतो. भूल देऊन पोट उघडायची गरज नाही. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९३ मध्ये आले. ज्यांचे पॉलिप काढून टाकले होते, त्यांच्यात पुढे कॅन्सर होण्याचं प्रमाण अपेक्षेपेक्षा ७६ ते ९० टक्क्यांनी कमी निघालं. फार थोड्या कॅन्सरच्या बाबतीत असं काही म्हणता येतं.

पी-५३ : दहा वर्षं गुन्हेगार समजलं गेलेलं प्रोटीन

आता त्या रिपोर्टातल्या ओळीकडे येऊ.

पी-५३ सापडलं १९७९ मध्ये. कॅन्सर निर्माण करणाऱ्या एका विषाणूचा अभ्यास चालू असताना अनेक प्रयोगशाळांना जवळजवळ एकाच वेळी त्या विषाणूच्या प्रोटीनला चिकटलेलं हे प्रोटीन दिसलं. कॅन्सरच्या पेशींत ते ढिगाने असायचं. त्यावरून सगळ्यांनी निष्कर्ष काढला की हेच कॅन्सर करतं. प्रयोगही तसेच निघत होते: पी-५३ चं जनुक पेशीत घातलं की पेशी बिथरायच्या. १९८९ मध्ये व्होगेलस्टाइन यांच्या गटाने मोठ्या आतड्याच्या गाठी तपासल्या, तेव्हा सतराव्या गुणसूत्रावरची पी-५३ ची एक प्रत गायब आणि दुसरी बिघडलेली असं चित्र दिसलं. म्हणजे दोन धक्के! रोखणाऱ्या प्रोटीनची अगदी ओळखीची खूण. मग उलगडा झाला की दहा वर्षं प्रयोगशाळांतून फिरत असलेले पी-५३ चे नमुने बिघडलेले होते. सज्जन माणसाच्या नावाने भलत्याच माणसाची चौकशी चालली होती.

धडधाकट पी-५३ चं काम वेगळ्या प्रकारचं आहे. डीएनएला इजा झाली की ते जागं होतं, पेशीचं विभाजन थांबवतं, दुरुस्तीला वेळ देतं. इजा आवाक्याबाहेरची असेल तर पेशीला स्वतःहून मरायला लावतं. डेव्हिड लेन यांनी १९९२ मध्ये त्याला 'जनुकसंचाचा राखणदार' म्हटलं, आणि ते नाव चिकटलं. मोठ्या आतड्याच्या निम्म्याहून अधिक कॅन्सरमध्ये ते बिघडलेलं असतं.

मग रिपोर्टात 'स्ट्राँग पॉझिटिव्ह' का? कारण धडधाकट पी-५३ अल्पायुषी असतं. तयार झाल्यावर काही मिनिटांत पेशी ते मोडून टाकते, आणि ज्या प्रोटीनकडून हे मोडण्याचं काम होतं, ते तयार करण्याचा हुकूम पी-५३ स्वतःच देतं. निरोगी पेशीत त्यामुळे ते दिसतं न दिसतंसं असतं. बिघडलेलं पी-५३ हा हुकूम देऊ शकत नाही, म्हणून ते मोडलं जात नाही आणि साचत जातं. पॅथॉलॉजिस्ट रंग टाकतो, सगळ्या पेशी गडद तपकिरी दिसतात. तो गडद रंग म्हणजे बिनकामाच्या प्रोटीनचा साठा. काही वेळा उलटं होतं, रंग अजिबात येत नाही, म्हणजे प्रोटीन तयारच होत नाही. तोही बिघाडच. इथे तुरळक, फिकट रंग असणं हे सर्वसामान्य. पॉझिटिव्ह-निगेटिव्हवरून बरं-वाईट ठरवायची आपली सवय या एका ओळीपुरती तरी बाजूला ठेवावी लागते. आणि हेही लक्षात ठेवायचं की उपचार या एकट्या ओळीवर ठरत नाहीत. आजार किती पसरलाय, हे त्याहून कितीतरी महत्त्वाचं.

एमएलएच, एमएसएच ही कुठली नावं?

ही आणखी वेगळ्या घरची. पेशी विभागताना डीएनएची नक्कल होते आणि नक्कल करताना चुका होतात. त्या शोधून दुरुस्त करणारी चार प्रोटीन्स पॅथॉलॉजिस्ट तपासतो: एमएलएच-१, पीएमएस-२, एमएसएच-२, एमएसएच-६. 'रिटेन्ड' म्हणजे शाबूत. यातलं एखादं 'लॉस' असेल तर त्या पेशींत चुकांचा डोंगर साठतो, त्यात कधीतरी एपीसीसारखी जनुकंही सापडतात, आणि पॉलिपपासून कॅन्सरपर्यंतचा प्रवास दहा-पंधरा वर्षांऐवजी कधी कधी दोन-तीन वर्षांवर येतो.

ही ओळ मात्र उपचाराची दिशा बदलते. जून २०२२ मधली बातमी आठवत असेल: न्यूयॉर्कमध्ये डोस्टार्लिमॅब नावाच्या औषधाने गुदाशयाच्या कॅन्सरचे १२ पैकी १२ रुग्ण ऑपरेशनशिवाय बरे. व्हॉट्सॲपवर ती 'कॅन्सरवर औषध सापडलं' म्हणून महिनाभर फिरली. बातमी खरी होती, अर्धी. ते बाराही रुग्ण दुरुस्ती प्रोटीन 'लॉस' असलेले होते. अशा पेशींत चुका इतक्या असतात की शरीराची प्रतिकारशक्ती त्यांना परकं म्हणून ओळखू शकते. औषध फक्त तिच्यावरचं दडपण काढतं. गुदाशयाच्या कॅन्सरमध्ये असे रुग्ण शंभरात पाच ते दहा. बाकीच्यांना ते औषध तसं लागू पडत नाही. म्हणून ती ओळ रिपोर्टात नसेल तर डॉक्टरांना विचारायला अजिबात संकोच करू नये.

'प्रोटीन कमी पडतंय, तर बाहेरून द्या की'

हा प्रश्न मला हमखास येतो, आणि प्रश्न शहाणा आहे. जिममधल्या डब्यातलं प्रोटीन, डाळ, अंडी यांचा इथे संबंध नाही. खाल्लेलं प्रोटीन पोटात सुटं होतं आणि त्यातून काय बनवायचं हे पेशीतलं जनुक ठरवतं. जनुकच बिघडलेलं असेल तर माल कितीही पुरवा.

पण जनुकच दुरुस्त केलं तर? उंदरांत हे करून पाहिलंय. २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या एका गटाने असे उंदीर तयार केले की त्यांच्यातलं एपीसी हवं तेव्हा बंद आणि हवं तेव्हा चालू करता यावं. बंद केलं, आतड्यात गाठी झाल्या. परत चालू केलं, तर काही दिवसांत गाठींची वाढ थांबली आणि दोन आठवड्यांत आतडं जवळपास पूर्ववत झालं. केरास आणि पी-५३ ही दोन्हीही बिघडवलेली असताना! इतके बिघाड साठल्यावरही पहिल्या वॉचमनच्या परत येण्याने पेशी ताळ्यावर येतात, हे त्या क्षेत्रातल्या अनेकांना अनपेक्षित होतं.

माणसांत अडचण साध्या आकारमानाची आहे. एपीसीच्या जनुकाचा मजकूर साडेआठ हजार अक्षरांहून मोठा. जनुक पेशीत पोचवायला आज जे विषाणू वाहन म्हणून सर्रास वापरतात, त्यात पावणेपाच हजारांच्या आसपास मावतात. शिवाय गाठीतल्या एकूण एक पेशीत ते पोचायला हवं. राहिलेल्या पेशी पुन्हा वाढणारच.

दुसरा उपाय सुचतो तो असा की वॉचमन नाही तर नाही, इंटरकॉमच कापून टाका, विंट निरोप बंद करा. अशी औषधं बनली आहेत. पण एपीसी नसलेल्या पेशीला त्यांचा उपयोग होत नाही, कारण ती मुळात इंटरकॉम ऐकतच नाही. वर निरोगी हाडांना हा निरोप लागतो; अशा औषधांच्या चाचण्यांत हाडं ठिसूळ होऊन मोडण्याचा त्रास दिसला. मग उरतं बीटा-कॅटेनिनला थेट केंद्रकात अडवणं. त्यावर काम चालू आहे, पण त्याचा पृष्ठभाग असा गुळगुळीत आहे की औषधाच्या रेणूला धरायला खाचच मिळत नाही. चुकीचं काम करणारं प्रोटीन बंद करण्यात औषधशास्त्र पटाईत आहे. नसलेलं प्रोटीन परत आणणं त्याला अजून जमलेलं नाही, आणि याबाबतीत 'लवकरच' म्हणणाऱ्या बातम्यांवर मी तरी फार विसंबणार नाही.

'जनुकाचा दोष म्हणजे मुलांनाही होणार?'

बहुतेक वेळा नाही. गाठीच्या तुकड्यात एपीसी किंवा पी-५३ बिघडलेलं सापडलं, म्हणजे तो बिघाड त्या गाठीत आहे. तो आयुष्यात, आतड्याच्या एका पेशीत झालेला. पुढच्या पिढीला जाणाऱ्या पेशींशी त्याचा संबंध नाही. आनुवंशिक आहे का, हे रक्ताच्या वेगळ्या तपासणीतून कळतं.

ती तपासणी कोणी करायची? घरात पन्नाशीच्या आत कोणाला हा कॅन्सर झाला असेल, एकाच बाजूच्या दोन-तीन नातेवाइकांना आतड्याचा किंवा गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर असेल, आतड्यात ढिगाने पॉलिप सापडले असतील, किंवा रिपोर्टात दुरुस्ती प्रोटीनचा 'लॉस' असेल. यातला शेवटचा प्रकार आनुवंशिक निघाला तर त्याला लिंच सिंड्रोम म्हणतात, आणि तो एफएपीपेक्षा कितीतरी जास्त आढळतो, शंभर रुग्णांत साधारण तिघांत. अशा घरातल्या भावंडांना आणि मुलांना तो असण्याची शक्यता निम्मी-निम्मी. मुंबईच्या टाटा मेमोरियल या कॅन्सर रुग्णालयात यासाठी कॅन्सर जेनेटिक्सचा स्वतंत्र विभाग आहे. आपल्याकडे लग्न जमवताना अडचण येईल म्हणून हे दडवायची पद्धत आहे. दडवल्याने जनुक बदलत नाही, फक्त धाकट्याची तपासणी राहून जाते.

'आम्ही माळकरी, मांसाला हात लावत नाही'

प्रक्रिया केलेलं मांस, म्हणजे सॉसेज, सलामी, बेकन, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१५ मध्ये कॅन्सरकारक ठरवलं, हे खरं. दारू, तंबाखूचा धूर, स्थूलपणा, बैठं काम यांनीही धोका वाढतो. पण यातलं काही नसतानाही हा कॅन्सर होतो, कारण दर चार-पाच दिवसांनी अस्तर नवं करायचं म्हणजे अब्जावधी नकला, आणि नकलेत चूक होणारच. चूक एपीसीवर पडली तर नशीब.

त्यात अलीकडे जंतूंची भर पडली आहे. आतड्यातल्या ई-कोलाय जंतूंचे काही वाण कोलिबॅक्टिन नावाचं विष तयार करतात. ते डीएनएवर आपली ओळखता येईल अशी खूण सोडतं. २०२५ मध्ये ११ देशांतल्या ९८१ गाठी तपासून आलेल्या अभ्यासात ही खूण सत्तरीच्या पुढच्या रुग्णांपेक्षा चाळिशीच्या आतल्या रुग्णांत ३.३ पट जास्त दिसली, आणि काही गाठींत ती थेट एपीसीवरच होती. तरुणांमध्ये हा आजार का वाढतोय, याचं हे एक संभाव्य उत्तर. सिद्ध झालेलं नाही. खूण सापडणं आणि कारण ठरणं यात अंतर असतं.

आपल्या दृष्टीने हे वय महत्त्वाचं आहे. भारतात हा कॅन्सर पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत बराच कमी होतो. पण परळच्या टाटा मेमोरियलमधल्या रुग्णांचा जो आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात रुग्णांचं सरासरी वय सुमारे ४७ होतं. म्हणजे कर्जाचे हप्ते चालू, मुलं शाळेत, सकाळची नऊ-बाराची फास्ट पकडणारी माणसं.

'मला काहीच त्रास नाही'

पॉलिपला त्रास नसतोच. तोवर शोधला तर फायदा. पण आपल्याकडे तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या कॅन्सरची सरकारी तपासणी मोहीम आहे, मोठ्या आतड्याची नाही. अमेरिकेत ४५ व्या वर्षापासून सगळ्यांना तपासायला सांगतात; आपल्याकडे प्रमाण कमी असल्याने सरसकट सगळ्यांची कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी, करा असं म्हणणं मलाही पटत नाही. सख्ख्या नात्यात कोणाला असेल तर गोष्ट वेगळी: चाळिशीला, किंवा त्या नातेवाइकाला ज्या वयात झाला त्याच्या दहा वर्षं आधी, यातलं जे लवकर येईल तेव्हा.

आणि त्रास असेल तर तो ओळखावा. लोकलच्या डब्यात दाराशेजारी मूळव्याध-भगंदराची स्टिकरं चिकटवलेली असतात, 'बिना ऑपरेशन, एका दिवसात'. शौचावाटे रक्त गेलं की पहिला फोन तिथे लागतो, सहा महिने मलम-चूर्णात जातात. रक्त मूळव्याधीचं असू शकतं, बहुधा असतंही. पण चाळिशीच्या पुढे, किंवा शौचाची सवय बदलली असेल, वजन उतरत असेल, विशेषतः पुरुषांत विनाकारण हिमोग्लोबिन घसरलं असेल, तर आत पाहिल्याशिवाय मूळव्याध म्हणून सोडून देऊ नये.

कोलोनोस्कोपीत दुखतं का, याची भीती सगळ्यांना असते. गुंगीचं इंजेक्शन देतात, अर्ध्या-पाऊण तासात होऊन जाते. खरी कटकट आदल्या संध्याकाळी. आतडं स्वच्छ करायला दोनेक लिटर खारट-गोडसर द्रावण प्यायचं, आणि मग रात्रभर संडासाच्या वाऱ्या. ज्यांच्या चाळीत मजल्याच्या टोकाला सामाईक संडास आहे, त्यांना हे कसं जमायचं, याचा विचार तयारीच्या छापील कागदावर कुठेच नसतो. अशा वेळी तारीख घेतानाच डॉक्टरांना सांगून टाकावं. काही ठिकाणी आदल्या दिवशी दाखल करून घेतात, काही ठिकाणी द्रावण दोन हप्त्यांत, निम्मं पहाटे, प्यायला देतात. नाहीतर एखाद्या रात्रीपुरता ब्लॉकमध्ये राहणारा भाऊ किंवा बहीण बघावी, आणि रंगीत सरबत, बीट, टोमॅटोच्या बिया आदल्या दिवशी टाळाव्यात; रंगामुळे आत रक्त असल्याचा भास होतो, बिया आत चिकटून राहतात, आणि डॉक्टरांचा वेळ जातो.